सोनेगाव, रात्रीचे साडेबारा

नातू फोन बघून सांगतो :
नागपूर ते कोलकाता, हवेतून नऊशे सत्तर किलोमीटर,
वेळ एक तास चाळीस मिनिटं.
मी म्हणते, अधिक एक रात्र.
तो हसतो. त्याला वाटतं, आजीचा हिशेब चुकला.

माझे बाबा, सुखदेव नंदनवार,
टपाल खात्यात थैले उचलायचे.
रात्री जेवून, पँटला सायकलची क्लिप लावून निघायचे
महालातून सोनेगावला :
पाऊण तास, वारा समोरून असला की तासभर.
तेवढं एकच अंतर त्यांनी स्वतः कापलेलं.

बाकीची चार
त्यांच्याकडे चालत यायची.
मध्यरात्रीच्या आगेमागे दिल्लीचं विमान उतरायचं,
मग मुंबईचं, मद्रासचं, कलकत्त्याचं,
चारही जवळजवळ उभी,
पाणवठ्यावर गुरं उभी राहावीत तशी.
याचा थैला त्याच्यात, त्याचा याच्यात.
दिल्ली मद्रासला काय म्हणाली
ते बाबांच्या खांद्यावरून जायचं,
बाबांना फक्त वजन कळायचं.
"मद्रास जड येते," सांगायचे, "अन् दिवाळीत मुंबई."
तास-दीड तासात चारही आल्या वाटेनं परत.
मागे तेलाचा वास
आणि केटलीत गार झालेला चहा.

आम्हा भावंडांना भूगोल असाच आला :
कलकत्ता म्हणजे ओला थैला,
दिल्ली म्हणजे लाखेचा लाल ठिपका
बाबांच्या बाहीवर.

मी पाचवीत होते त्या थंडीत
बाबा पहाटे घरी आले, स्वेटर काढला
आणि आतून एक पाकीट पडलं.
निळं. मद्रासहून कलकत्त्याला.
थैल्याच्या उसवलेल्या शिवणीतून निसटलं असेल,
खांद्यावरून गळ्याशी, गळ्यातून आत.
बाबा तसेच बनियनवर अंगणात गेले
आणि वर बघत राहिले,
हाक मारली तर थांबेल जणू.
नाव मी वाचून दाखवलं,
नव्या इंग्रजीत, अक्षर अक्षर लावत :
नि-रु-प-मा सान्याल.
आईनं ते देवाजवळ ठेवलं.
दिवसभर घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही,
परका पाहुणा झोपलेला असावा तसं.

रात्री बाबांनी ते साहेबापुढे धरलं.
साहेबानं वहीत एक ओळ लिहिली :
एक नग, एक रात्र उशीर.
आणि वही मिटली.

बाबांची नाही मिटली.
जेवता जेवता हात थांबायचा :
"कोनाची तब्येत असन तर?"
"लग्नाचं हो-नाही असन तर, पोरी?
एका रात्रीत मानूस हो चं नाही करते."
आई वरण वाढत म्हणायची,
"सुताचा भाव कळवला असन एखाद्यानं. जेवा."

टपालाची ती विमानं कधीच बंद झाली.
बाबा गेले त्यालाही बावीस वर्षं.
शेवटी शेवटी मेडिकलच्या वॉर्डात
दिवस-रात्र कळेनाशी झाली तेव्हा
सारखं विचारायचे, किती वाजले.
आम्ही काहीही सांगितलं,
चार, सव्वानऊ, दुपारचे बारा,
तरी डोळे मिटून म्हणायचे,
"म्हंजे ते आता रायपूरवर असन."

तर नातवाची मुलाखत आहे कोलकात्यात.
"आजी, येतेस? खिडकीजवळची जागा घेतो तुला.
बसलो न बसलो तोच उतरायचं."
त्याचं बोट तिकिटावर थांबलेलं.

कशाला जायचं मी? कुणाकडे?
ती बाई असलीच तर नव्वदीला टेकलेली,
आणि त्या गल्लीचं नाव तेव्हाही मला
नीट वाचता आलं नव्हतं.

हो म्हटलं नाही अजून.
कपाटातून स्वेटर मात्र काढलाय.
अंगणात नेऊन, उलटा करून,
दोनदा झटकला.